वाईत सकाळचे सहा, गँडरला रात्रीचे नऊ

(आपल्या १९८४च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी मीच लिहून काढलं आहे. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी जागच्या जागी घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, ‘‘तू एवढ्या लांबून येणार, तर पंधरा मिनिटं बोल.’’ मी विचारलं, ‘‘कशावर?’’ तर म्हणाले, ‘‘कशावरही, पण आजारांवर नको. आता आपल्या वयाला सगळे त्यावरच बोलतात.’’ तेव्हा मी डॉक्टर असूनही आज गुडघ्यांवर आणि साखरेवर बोलणार नाही. घड्याळावर बोलणार आहे.

भूगोलाचे सर समोर बसले आहेत, म्हणून आधी एक जुनं देणं फेडते. नववीच्या चाचणीत सरांनी गणित घातलं होतं. ‘अ’ गाव पूर्व रेखांशावर, ‘ब’ गाव पश्चिम रेखांशावर. ‘अ’ गावी सकाळचे सहा वाजले असतील, तर ‘ब’ गावी किती वाजले? मी रेखांशांची वजाबाकी केली आणि पाचपैकी एक गुण मिळवला. तोही बहुधा अक्षराला असावा. सरांनी लाल शाईनं खाली लिहिलं होतं, ‘एक पूर्व, एक पश्चिम असेल तर बेरीज.’ सर, पुढे माझं सगळं आयुष्य त्या बेरजेतच गेलं. आज ते गणित पुन्हा सोडवून दाखवते.

‘अ’ गाव म्हणजे आपली वाई. रेखांश सुमारे ७३.९ अंश पूर्व. ‘ब’ गाव गँडर. कॅनडाच्या अगदी पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं मोठं बेट आहे, त्यावरचं सुमारे बारा हजार वस्तीचं गाव. रेखांश सुमारे ५४.६ अंश पश्चिम. बेरीज १२८.५. अंशाला चार मिनिटं, म्हणजे ५१४ मिनिटं, म्हणजे आठ तास चौतीस मिनिटं. सूर्याच्या हिशेबानं दोन गावांत एवढा फरक. पण घड्याळात हिवाळ्यात बरोबर नऊ तासांचा फरक असतो. वाईत सकाळचे सहा वाजले की गँडरला आदल्या रात्रीचे नऊ. मग सव्वीस मिनिटं गेली कुठे?

ती दोन्ही सरकारांनी खाल्ली. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशावरची, अलाहाबादजवळची. वाई तिच्या बरीच पश्चिमेला. म्हणून आपल्या डोक्यावरचा सूर्य हातातल्या घड्याळाच्या साधारण चौतीस मिनिटं मागे चालतो. गँडरचा सूर्य तिथल्या घड्याळाच्या आठ मिनिटं मागे. चौतीसातून आठ वजा, सव्वीस. सर, आता तरी पाच गुण द्या.

(इथे सर म्हणाले, ‘‘साडेचार. एकक लिहिलं नाहीस.’’)

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढेच आहे. जगातली बहुतेक घड्याळं ग्रिनिचपासून पूर्ण तासांच्या अंतरावर असतात. आपली साडेपाच तास पुढे. आणि न्यूफाउंडलंडची साडेतीन तास मागे. दोन्हीकडे ‘साडे’. त्यामुळे वाईहून गँडरला गेलं की मिनिटकाटा हलवावाच लागत नाही. टोरांटोला गेलेला माणूस अर्ध्या तासाशी झटापट करतो. माझा मात्र फक्त तासकाटा फिरायचा.

हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नव्हतं. अण्णांच्या आलं होतं.

अण्णा तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असतील. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर कर्ण्यातून ‘पाचगणीमार्गे महाबळेश्वरला जाणारी गाडी’ असं जे ऐकू यायचं, तो आवाज त्यांचा. मुलींच्या रांगेतून मला ‘फलाट क्रमांक दोन’ अशी हाक मारणारे आज सभागृहात आहेत, आणि त्यांना मी माफ केलेलं नाही. अण्णांचा दिवस मिनिटांत मोजलेला होता. मी २००३ साली गँडरला जायला निघाले, तेव्हा त्यांनी नकाशा पाहिला नाही की हवामान विचारलं नाही. विचारलं एवढंच, ‘‘तिथली वेळ काय?’’ मी सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘मग दुसरं घड्याळ नको. नऊ तास मागे म्हणजे तबकडीवर तीन तास पुढे. इथं सहा, तिथं नऊ. इथं नऊ, तिथं बारा. दिवसाची रात्र करायची, झालं.’’ तेव्हापासून आमच्या घरात एकाच घड्याळावर दोन गावं चालली.

एकच अडचण होती. मार्चमध्ये तिथलं सरकार सगळ्यांना घड्याळ तासभर पुढे करायला लावतं आणि नोव्हेंबरात परत मागे. मग फरक आठ तासांचा होतो. अण्णांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. ‘‘गाडी उशिरा आली म्हणून घड्याळ मागे करतात का कुठे?’’ असं विचारायचे. ते सहालाच फोनची वाट बघत बसत. मीच माझी वेळ उन्हाळ्यात रात्री दहा केली.

आता गँडरबद्दल थोडं सांगते, कारण या गावाचा जन्मच घड्याळ आणि विमान यांच्यातून झालेला आहे. पूर्वीच्या विमानांना एका दमात अटलांटिक ओलांडता येत नसे. अमेरिका खंडाचं युरोपकडचं टोक म्हणजे न्यूफाउंडलंड, म्हणून तिथल्या जंगलात विमानतळ बांधला. तो १९३८ साली सुरू झाला, तेव्हा जगातल्या सगळ्यात मोठ्या विमानतळांत त्याची गणना होत होती. दुसऱ्या महायुद्धात हजारो विमानं तिथून इंग्लंडकडे गेली. युद्धानंतर प्रवासी विमानं इंधन भरायला उतरायची. गाव वसलं ते विमानतळासाठी आलेल्या माणसांचं. त्यामुळे तिथल्या रस्त्यांना लिंडबर्ग, अमेलिया इअरहार्ट अशा वैमानिकांची नावं आहेत. आपल्याकडे आळीला जातीचं, देवळाचं किंवा सरदाराचं नाव असतं, तिथं उडणाऱ्यांचं. पुढे लांब पल्ल्याची जेट विमानं आली आणि गँडरला थांबायची गरज उरली नाही. हमरस्ता गावाबाहेरून गेला की जुन्या स्टँडाचं जे होतं, ते त्या विमानतळाचं झालं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘थांबा गेला म्हणजे गावाची रयाच गेली.’’

पण विमानं अजून गँडरशी बोलतात. उत्तर अटलांटिकच्या पश्चिम भागावरून जाणाऱ्या विमानांचं नियंत्रण तिथूनच होतं. आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ त्या केंद्रात कामाला होते. त्यांनी सांगितलं, त्या खोलीत गँडरची वेळ चालत नाही, ग्रिनिचची चालते. म्हणजे त्या एवढ्याशा गावात तीन वेळा नांदतात. एक गावाची, एक आकाशातल्या विमानांची आणि एक मुख्य भूमीवरून येणाऱ्या टीव्हीची. कॅनडाच्या टीव्हीवर कार्यक्रमाची वेळ सांगताना पुढे ‘न्यूफाउंडलंडमध्ये अर्ध्या तासानं पुढे’ अशी पुस्ती असते. बाकीचा देश त्यावर विनोद करतो. तिथल्या लोकांना तो अर्धा तास जिवापाड प्यारा आहे. कारण वेळ ठरली तेव्हा ते कॅनडात नव्हतेच. १९४९ साली सामील झाले. पुढे १९६३मध्ये त्यांच्याच सरकारनं शेजारच्या प्रांतांशी वेळ जुळवून घ्यायचं ठरवलं, तर लोकांनी एवढा विरोध केला की बेत सोडून द्यावा लागला.

आपल्याला हसायला जागा नाही. १ जानेवारी १९०६ला भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईनंही हेच केलं होतं. मुंबईची स्वतःची वेळ एकोणचाळीस मिनिटं मागे होती आणि ती शहरात १९५५पर्यंत टिकून राहिली. आणि वाईत तरी एक वेळ कुठे होती? एस.टी.ची वेळ अण्णांची. पंचांगाची वेळ सूर्योदयापासूनची. आणि तिसरी वेळ घाटावरची, जी फक्त बसणाऱ्यालाच कळते. ‘आलोच पाच मिनिटांत’ म्हणून गणपतीच्या घाटावर गेलेला माणूस दिवेलागणीला परत येतो आणि त्याला कुणी खोटारडं म्हणत नाही.

स्वभावाचं बोलायचं, तर मला वाटलं होतं की दोन गावांत काही म्हणजे काही साम्य नसणार. एकीकडे कृष्णा, सात घाट, मेणवलीची ती वसईहून आलेली घंटा, विश्वकोशाचं कार्यालय, पसरणीचा घाट. दुसरीकडे देवदाराच्या जातीची झाडं, तळी, वर्षाला चार मीटरच्या वर पडणारा बर्फ. डिसेंबरात सकाळी आठला उजाडतं आणि दुपारी सव्वाचारला मावळतं. आमच्या घरात ‘सातच्या आत घरात’ हा नियम होता. तिथं तो लावला, तर मुलींना जूनमध्ये भर उन्हात घरात बसावं लागेल, कारण तेव्हा सूर्य सव्वानऊपर्यंत असतो.

पण पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात एका आजीबाईंनी मला विचारलं, ‘‘हू निट या?’’ तुला विणलं कुणी? मला वाटलं, माझ्या स्वेटरबद्दल विचारताहेत. म्हटलं, विकतचा आहे. सगळा वॉर्ड हसला. परिचारिकेनं समजावलं की हा त्यांच्याकडचा प्रश्न आहे. तुझी आई कोण, तू कुणाची? मी खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत, इतक्या देशांत मला लोकांनी कुठली, काय शिकलीस, व्हिसा कुठला, असं सगळं विचारलं होतं. ‘‘कुणाची गं तू?’’ असं वाईच्या मंडईनंतर पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मी त्यांना अण्णांचं सांगितलं, एस.टी.चं सांगितलं. आजीबाई म्हणाल्या, त्यांचे यजमान विमानतळावर होते, गाड्यांना इंधन भरायचे. झालं, आमची सोयरीक जमली.

फरकही आहेत, आणि ते लपवत नाही. तिथं दुपारी बाराला जेवतात आणि संध्याकाळी पाचला परत. रविवारी खारवलेलं मांस, कोबी, सलगम, गाजर, बटाटे हे सगळं एका भांड्यात उकडतात, सोबत वाटाण्याच्या डाळीचा गोळा. तो गोळा आपल्या घट्ट पिठल्याचा चुलतभाऊ आहे. तेवढ्यावर मी लसणाची फोडणी घालून वीस वर्षं काढली. तिथं कुणी माझ्या येण्याजाण्याच्या वेळा मोजल्या नाहीत. वाईत असताना मी कोणाशी बोलले हे मी घरी पोहोचायच्या आत घरी पोहोचायचं. तो काच मी विसरलेले नाही. बाहेर जायचं ठरवण्यात त्याचाही वाटा होता. पण एक गोष्ट कबूल करते. ज्या गावाला आपल्या सगळ्या हालचाली ठाऊक असतात, त्याच गावाला एखाद्या घराचं दार सकाळी उघडलं नाही हेही ठाऊक असतं. गँडरला हे दुसऱ्या तऱ्हेनं चालतं. सकाळी उठून पाहावं, तर दारातला बर्फ कुणीतरी काढून ठेवलेला असतो. कुणी ते शोधायचं नसतं. विचारलं तर ते म्हणतात, ‘‘मशीन चालूच होतं.’’

या गावाची एक गोष्ट जगाला ठाऊक आहे. ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेचं आकाश बंद झालं, तेव्हा अटलांटिकवर असलेली ३८ प्रवासी विमानं गँडरला उतरवली. सुमारे ६,७०० माणसं. गावाची वस्ती तेव्हा दहा हजारांच्या आसपास. शाळेच्या बसचे चालक संपावर होते, ते संप बाजूला ठेवून गाडीवर आले. बर्फावरचा खेळ खेळायच्या मैदानाचा शीतगृह म्हणून उपयोग केला. लोकांनी घरं, शाळा, चर्च उघडली. त्यावर पुढे ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘लांबून आलेले’. बाहेरून येणाऱ्या कुणालाही तिथले लोक हेच म्हणतात, मलाही अजून म्हणतात.

मी दोन वर्षांनी पोहोचले, त्यामुळे हे सगळं ऐकीव. पण मला त्यातली औषधांची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. प्रवाशांचं सामान विमानातच अडकलं होतं. कुणाची रक्तदाबाची गोळी, कुणाचं इन्सुलिन. गावातले औषधविक्रेते रात्रभर बसून प्रवाशांच्या देशांत फोन लावत होते. मूळ औषध कोणतं, आपल्याकडे त्याचं नाव काय, मात्रा किती. म्हणजे जगात कुठे आत्ता दिवस आहे आणि फोन कोण उचलेल, याचा हिशेब करत एका छोट्या गावातली माणसं अनोळखी लोकांसाठी जागी होती. हे वाक्य लक्षात ठेवा, मी शेवटी याच्याकडे परत येणार आहे.

न्यूफाउंडलंडचं दुःख वेगळंच आहे. तिथं पाचशे वर्षं कॉड माशावर माणसं जगली. मासे संपत आले म्हणून २ जुलै १९९२ला सरकारनं मासेमारी बंद केली. सुमारे तीस हजार लोकांचं काम एका दिवसात गेलं. किनाऱ्यावरची गावं ओस पडू लागली. मुलं अल्बर्टात तेलाच्या कामाला गेली. आपल्या सातारा जिल्ह्याला हे नवीन नाही. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर माथाडीत, म्हातारी गावाला, आणि दिवाळी-यात्रेला भेट. म्हणून माझ्या वॉर्डात मला भाषेची अडचण आली तरी गोष्टीची आली नाही. खाटेवर म्हातारं माणूस, आणि मुलगा साडेतीन तास मागे असलेल्या घड्याळात. अल्बर्टा आणि न्यूफाउंडलंड यांच्यात तेवढा फरक आहे.

२०११च्या हिवाळ्यात अशाच एक आजी होत्या. त्यांचा मुलगा निघाला होता, पण बर्फामुळे वाटेत अडकला. मला फोनवर म्हणाला, ‘‘डॉक्टर, तिला एवढं सांगा की मी वाटेत आहे.’’ मी जाऊन सांगितलं. रात्री परत जाऊन सांगितलं. माझी वेळ संपली होती, तरी घरी गेले नाही. परिचारिका आणि मी आळीपाळीनं हात धरून बसलो. पहाटे आजी गेल्या. मुलगा दोन दिवसांनी आला. त्यानं मला आईनं केलेल्या रानफळांच्या मुरंब्याची बरणी दिली. काहीच बोलला नाही. तो बरणी देऊन गेला आणि मी गाडीत बसून रडले, कारण मला एकदम वाटलं की मी याच्या आईजवळ बसले आहे, पण अण्णांजवळ कोण बसणार?

आई २००९मध्येच गेली होती. अण्णा एकटे राहत होते. ‘‘चल माझ्याकडे’’ म्हटलं, तर म्हणायचे, ‘‘तिथं घाट आहे का?’’

अण्णांजवळ कोण बसणार, या प्रश्नाचं उत्तर आज या सभागृहात बसलं आहे. नाव घ्यायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, म्हणून घेत नाही. पण वर्गात तो मागच्या बाकावर बसायचा, आणि दहावीला गणितात गेल्यावर त्याला घरच्यांनी दुकानात बसवलं. आपण बाकीचे हुशार निघालो आणि गाव सोडून गेलो. तो राहिला. आई गेल्यापासून तो रोज संध्याकाळी दुकान बंद करून अण्णांकडे जायचा. गोळ्या मोजायचा, चहा प्यायचा, दोघं जुन्या गाड्यांची वेळापत्रकं आठवत बसायचे. तीन वर्षं मला याचा पत्ताच नव्हता! अण्णांनी सांगितलं नाही, त्यानंही नाही. एकदा फोनवर मागून हसण्याचा आवाज आला, म्हणून कळलं.

मी मग गाढवपणा केला. त्याला फोन करून विचारलं, ‘‘दर महिन्याला काही पैसे पाठवू का?’’ त्यानं फोन ठेवला आणि आठ दिवस उचलला नाही. नवव्या दिवशी स्वतःच केला. म्हणाला, ‘‘काय गं, तू तिथल्या म्हाताऱ्यांचं करतीस ते फुकट?’’ मी म्हटलं, ‘‘नाही बाबा, पगार घेते.’’ तो म्हणाला, ‘‘मग मला पण हाय की. अण्णा चहा पाजतात.’’

जानेवारी २०१९. गँडरला रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. बाहेर बर्फ पडत होता. नऊ वाजता फोन करायचा म्हणून मी चहा घेऊन बसले होते. पंधरा मिनिटं आधीच फोन वाजला. अण्णा कधी आधी करत नसत, वेळेचे पक्के. नाव दिसलं ते त्याचं. वाईत सकाळचे पावणेसहा. त्यानं सांगितलं, रात्री अण्णांना बरं वाटत नव्हतं म्हणून तो तिथंच झोपला होता. डॉक्टर येऊन गेले. पहाटे पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि विचारलं, ‘‘किती वाजले?’’ त्यानं सांगितलं, साडेपाच. अण्णा म्हणाले, ‘‘अजून अर्धा तास आहे.’’

ते बोलले ते शेवटचं.

मला वाईला पोहोचायला दीड दिवस लागला. विमान बर्फामुळे उशिरा निघालं, पुढचं चुकलं. चुलतभावानं अग्नी दिला होता. मी आले तेव्हा घाटावर पौषातली थंडी होती आणि हा पठ्ठ्या स्टँडवर मला घ्यायला उभा होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, ‘‘मी सांगितलं होतं त्यांना, तू वाटेत हायस म्हणून.’’ त्याला गँडरच्या आजींची गोष्ट मी कधीही सांगितलेली नव्हती.

पुढच्या वर्षी श्राद्धाचा प्रश्न आला. वाईत अण्णा गेले तेव्हा गँडरला अजून आदला दिवस होता. मग तिथं कोणता दिवस धरायचा? गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, माणूस गेला तिथली तिथी. पंचांगाचं ते खरं. मी तिथी पाळते, आणि शिवाय रोज रात्री नऊला देवाजवळ दिवा लावते. हिवाळ्यात तेव्हा वाईत सहा वाजलेले असतात. मिनिटकाटा दोन्हीकडे बारावर.

आता शेवटचं, आणि हे मी भावनेच्या भरात बोलत नाही, कागदावर मांडून आणलं आहे. आपल्या तुकडीतले निम्मे गावाबाहेर आहेत. आपले आईवडील ज्यांचे आहेत त्यांचे ऐंशीच्या पुढे आहेत, आणि आपणही पासष्टीकडे निघालो आहोत. म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात जड जाते ती रात्र. झोप येत नाही, छातीत धडधडतं, आणि मुलांना उठवायचा संकोच वाटतो. मी हे रोज ऐकते. पण आपल्या तुकडीला रात्रच नाही! या दिवसांतला हिशेब सांगते. वाईत रात्रीचे अकरा वाजतात, तेव्हा दुबईत साडेनऊ असतात. वाईत दोन वाजतात, तेव्हा लंडनला आदल्या रात्रीचे साडेआठ आणि गँडरला संध्याकाळचे पाच. वाईत पहाटेचे चार वाजतात, तेव्हा ऑकलंडला सकाळचे साडेअकरा. या चारही ठिकाणी आपल्या वर्गातलं कुणी ना कुणी आहे. कुणीतरी नेहमी जागं असतंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. एक तक्ता करू. रात्रीच्या कोणत्या तासाला कोणाला फोन करायचा, हे मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येकाच्या आईवडिलांच्या फोनजवळ चिकटवू. नुसतं ‘झोप येत नाही’ एवढ्यासाठी केला तरी चालेल. दुसऱ्या बाजूला त्यांची औषधं, कशाची अॅलर्जी, डॉक्टर कोण, हे सगळं. जागा असलेला फोन उचलेल, बोलेल, आणि गरज पडली तरच वाईतल्या माणसाला उठवेल. प्रत्यक्ष धावून जाण्याचं काम वाईत राहिलेल्यांवरच येणार, ते आम्हाला लांबून करता येत नाही. म्हणून गाडी, औषध, दवाखाना यांचा खर्च बाहेरच्यांनी उचलायचा, आणि त्यासाठी आधीच एक निधी ठेवायचा. म्हणजे कुणाला कुणापुढे पैशाचं विचारून माझ्यासारखा गाढवपणा करावा लागणार नाही.

तक्त्याचा कोरा कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. पहिली ओळ मी भरली आहे. वाईतले रात्री एक ते पहाटे पाच, गँडर. उन्हाळ्यात तासाचा फरक पडेल, तो मी सांभाळीन. चहाच्या आधी बाकीच्या ओळी भरा. सर, तुमचं नावही त्यात घातलं आहे. फोन करणाऱ्यांत. रात्री दोनला झोप आली नाही, तर मला गणित घाला.